हे दुकान अजून चालू आहे का?

कात्री कापत नसेल तर आधी स्क्रू बघायचा. दहातल्या आठ कात्र्यांची धार शाबूत असते.

*

या ठिकाणी गाडी लावायला जागा आहे का? नाही.
या ठिकाणी पायऱ्या न चढता आत जाता येतं का? नाही.
या ठिकाणी लहान मुलांसाठी उंच खुर्ची आहे का? माहीत नाही.

*

सलूनवालीने काचेतून मला पाहिलं आणि ती फुटपाथवरच थबकली, मेलेलं माणूस दिसावं तशी.

*

माझा फोन. नवऱ्याचा फोन. जावेचा फोन. तडकलेल्या काचेचा जुना फोन. एकूण चार.

*

उजवा हात थरथरायला लागला त्या दिवशी बाबांनी स्वतःच चाकाचं बटण बंद केलं, चामड्याचा एप्रन खिळ्याला अडकवला आणि मला म्हणाले, "आजपासून तू."

*

एक ते तीन.

*

हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत. आता क्रमाने लावते.

आमचं धार लावायचं दुकान आहे. शिंप्यांच्या नि केस कापणाऱ्यांच्या कात्र्या, खाटकाचे सुरे, छापखान्यातली हातभर लांब पाती, बागेतल्या झाडकात्र्या. पुढे दुकान, मागे दार, दारामागे आमचं घर. बाबांनी एक्केचाळीस वर्षं चाक चालवलं, नऊ वर्षं झाली मी चालवते. मधली चौदा वर्षं आमच्याकडे एक कारागीर होता. नात्याचा नव्हता. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून बाबा त्याला धाकटा म्हणायचे, मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. गिऱ्हाइकांना तो माझा सख्खा भाऊ वाटायचा आणि आम्ही कुणाची समजूत काढायला गेलो नाही.

दीड वर्षापूर्वी धाकट्याने तीन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान काढलं. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "ताई, येतो." माझ्या हातात पातं होतं. मी मान वर न करता म्हणाले, "ये." त्यानंतर आमचं बोलणं नाही. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते. फक्त दोघेही धंद्याने विळेवाले, भोपळा व्हायला कुणी तयार नव्हतं.

आता सलूनवाली.

ती आत आली, पण खुर्चीवर बसली नाही.

"अगं, तू आहेस?"

"मी कुठे जाणार?"

"नकाशावर तुमचं दुकान कायमचं बंद म्हणून दाखवतंय. लाल अक्षरांत. मला वाटलं, काका गेले की काय."

"काका इथेच आहेत," कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाबा म्हणाले. "बसलेत."

ती ओशाळली. मग तिच्या पर्सकडे माझं लक्ष गेलं. तिच्या लांब कात्रीची मूठ बाहेर डोकावत होती आणि पात्याला आरसा होता. ताजी धार. ती मी लावलेली नव्हती.

"कुणाकडे दिलीस?"

"तू रागावू नकोस. माझी गिऱ्हाइकं ताटकळत बसली होती. जवळपास धार लावणारे म्हणून शोधलं, तर पहिला धाकटाच आला."

*

माझ्या फोनवर मी शोधलं. धार लावणारे. कात्रीला धार. माझ्या जवळ कात्री दुरुस्ती. तिन्ही वेळा धाकटा पहिला, नाव ठसठशीत, चेहरा हसरा, पाठीमागे चाक. आमचं दुकान खूप खाली, आणि त्याखाली ते दोन शब्द. मी दुकानात उभी होते, पाठीमागे चाक फिरत होतं, आणि फोन मला सांगत होता की मी नाही.

*

माझ्या नणंदेची मुलगी दुकानं वर आणते. म्हणजे शोधणाऱ्याला तुमचं दुकान वर दिसावं यासाठी जे काही करायचं असतं ते करते: फोटो, वेळा, पत्ता सगळीकडे एकसारखा, लोकांनी लिहिलेल्या बऱ्यावाईटाला उत्तरं. तिच्या हातून दोन दंतवैद्य आणि एक चपलांचं दुकान वर आलंय. आम्ही मात्र तिला कधी बोलावलं नव्हतं. आपली धार आपल्या गिऱ्हाइकाला ठाऊक आहे, असं मी म्हणायचे. फार सुंदर वाक्य होतं.

ती आली, लॅपटॉप माझ्या कामाच्या फळीवर ठेवला, लोखंडाच्या चुऱ्याकडे बघून पुन्हा उचलला आणि मांडीवर घेतला.

"मामी, तुमचं दुकान बंद झालंय असं कुणीतरी सुचवलंय."

"कुणीतरी म्हणजे?"

"नाव दाखवत नाही ते."

"पण माणूस आहे."

"माणूसच आहे. नकाशा आपल्या मनाने कशाला सांगेल?"

बस. एवढंच वाक्य. त्या दिवशी दुपारपासून मी गल्लीतल्या प्रत्येक माणसाच्या हातातला फोन बघायला लागले.

"बरं, मुळात या दुकानाची नोंद नकाशावर केली कोणी?" तिने विचारलं. "तुझ्या नावावर तर नाहीये. नुसतीच पडून आहे."

"आपोआप आली असेल. सगळ्यांचीच येते."

"आपोआप काही येत नाही, मामी," ती म्हणाली, पण तेव्हा तिचा फोन वाजला आणि तो विषय तिथेच राहिला.

तिने नोंद माझ्या नावावर करून घेतली. शटरचा, चाकाचा, फळीवर ओळीने मांडलेल्या कात्र्यांचा फोटो काढला. वेळ लिहिली: सकाळी दहा ते रात्री आठ. सोमवारी सुट्टी. तीन दिवसांनी लाल अक्षरं गेली. मी तिला म्हटलं, "जेवून जा." ती म्हणाली, "पुढच्या वेळी."

पुढची वेळ लगेच आली. पाचव्या दिवशी दुकान पुन्हा कायमचं बंद.

*

वहीचं शेवटचं पान. हे पान मी कुणाला दाखवत नसे.

सलूनवाली: बातमी तिनेच आणली. ज्याने लावली तोच कशाला सांगायला येईल? पण तसाच माणूस आधी येतो सांगायला. अर्धा संशय.

दुकानमालक: त्याला गाळा मोकळा हवाय. पण त्याला फोनवर चित्रसुद्धा पाठवता येत नाही. सोडला.

खाटीक: मागच्या महिन्यात सुऱ्यावरून वाद. पण वाद झाल्यावरही तो माझ्याकडेच येतो. सोडला.

जाऊ: का लिहिलं माहीत नाही. खोडलं.

धाकटा. धाकटा. धाकटा.

*

आता कशावर गदा आली होती तेही सांगते, म्हणजे माझ्या डोळ्यांवर पट्टी कशी बांधली गेली ते कळेल.

गावाच्या त्या टोकाला शिवणकाम शिकवणारी एक संस्था आहे. चाळीस कात्र्या, दर महिन्याला, गेली सव्वीस वर्षं आमच्याकडे. संस्थेच्या त्या चाळीस कात्र्यांवर दुकान तगून होतं, सुट्या गिऱ्हाइकांवर नव्हतं. पण त्यांचा जुना भांडारप्रमुख निवृत्त झाला आणि नवा आला. जुन्याच्या डोक्यात माझं दुकान होतं. नव्याच्या हातात फोन होता. त्याने मला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि पंचवीस तारखेच्या आत तो कात्र्या कुणाकडे द्यायच्या ते ठरवणार होता, हे मला तिथल्या शिपायाने येऊन सांगितलं. "शोधून बघतो म्हणालेत साहेब," तो म्हणाला. मी संस्थेत फोन केला, साहेब बैठकीत होते. पुन्हा केला, पुन्हा बैठकीत. त्या माणसाइतका बसलेला माणूस मी पाहिला नाही.

म्हणजे पंचवीस तारखेपर्यंत मी फोनवर जिवंत दिसायला हवी होते. नाहीतर शटर खाली ओढायला नकाशाची गरज नव्हती, मीच ओढलं असतं.

*

भाची आता रोज दुकान पुन्हा चालू करत होती आणि कुणीतरी ते बंद करत होतं. बदल झाला की तिला सूचना यायची. तिने मला सगळ्या सूचनांच्या वेळा वाचून दाखवल्या.

एक वाजून वीस मिनिटं.
एक चाळीस.
दोन वाजून पाच.
एक पस्तीस.

"काही लक्षात येतंय का?" ती म्हणाली.

आलं. एक ते तीन आमचं दुकान बंद असतं. बाबांच्या वेळेपासून. आम्ही शटर ओढून मागे जेवायला जातो. हे कुणाला ठाऊक? चौदा वर्षं ज्याने आमच्याबरोबर एक वाजता शटर ओढलं त्याला.

"पुरावा नाही हा, मामी," भाची म्हणाली.

"पुरावाच आहे."

"ही फक्त वेळ आहे."

"तू त्याला ओळखत नाहीस."

"तू ओळखतेस?"

दुसऱ्या दिवशी जेवण टाकून दीड वाजता तीन गल्ल्या चालत गेले. धाकट्याच्या दुकानासमोर पुस्तकबांधणीवाल्याचं दुकान आहे, त्याच्या दाराआड उभी राहिले. धाकट्याचं शटर अर्धं वर होतं. आत तो उलट्या बादलीवर बसला होता, एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोन. अंगठा चालत होता. मग तो स्वतःशीच हसला.

घड्याळात एक सदतीस झाले होते. घरी येऊन भाचीला फोन केला. "आज बदल झाला का?"

"झाला. एक एकोणचाळीसला."

मी फोन ठेवला. माझ्या लेखी खटला संपला होता.

*

चार फोन.

नवऱ्याने आपला फोन सहज दिला नाही.

"त्यानेच केलं कशावरून?"

"मी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"हसताना पाहिलं."

"हसणं हा गुन्हा असेल तर मी सुटलो," तो म्हणाला. "तू दीड वर्षात मला तशी संधीच दिली नाहीस."

"तू त्याच्या बाजूने बोलतोस?"

"मी कुणाच्याच बाजूने बोलत नाही. मी जेवतोय." आणि त्याने फोन ताटाच्या कडेने माझ्याकडे सरकवला.

जावेला काही सांगावं लागलं नाही. दोन इमारती सोडून राहते, चपला घालून आली. "मला फक्त कुठे दाबायचं ते दाखव," म्हणाली. तिला धाकट्याशी काही देणंघेणं नव्हतं. दुपारी तिला करमत नव्हतं.

धाकट्याचं दुकान. बदल सुचवा. कायमचे बंद. पाठवा. चार वेळा. जुन्या फोनची काच बोटाला लागली, बारीक रक्त आलं. इतकी वर्षं पात्यांशी खेळून मला कधी कापलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या हसऱ्या फोटोखाली लाल अक्षरं आली. मी दुकानात एकटीच होते. कुणाला सांगू शकत नव्हते, म्हणून चाक सुरू केलं आणि कुणाचीच नसलेली एक जुनी सुरी उगाचच घासत बसले.

आणि त्याच्या पुढच्या दिवशी, एक पंचेचाळीसला, आमचं दुकान पुन्हा बंद.

म्हणजे त्याने सूड घेतला. माझा संशय आता इतका पक्का झाला होता की त्यावर सुरी घासावी.

*

चोवीस तारीख. भाची पहिल्यांदा खरोखर जेवायला थांबली. शटर खाली, आम्ही मागे. नवरा कामावर. बाबांचं जेवण लवकर होतं. ते हात धुऊन पुढे दुकानात गेले, रोज जातात तसे, बंद शटरच्या आत, आपल्या खुर्चीत. मागचं दार उघडंच होतं.

पुढून त्यांचा आवाज आला. हळू, स्वतःशी बोलल्यासारखा.

"नाही."

मग पुन्हा.

"नाही. हो. माहीत नाही. नाही."

भाचीने घास तसाच हातात धरला. "आजोबा कुणाशी बोलतायत?"

"कुणाशी नाही. फोन घेऊन बसतात."

ती उठली. मी तिच्या मागे गेले. शटरच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत आल्या होत्या आणि बाबा त्या रेघांमध्ये बसले होते. डाव्या हाताने फोन मांडीवर दाबून धरलेला, उजव्याचं थरथरतं बोट नेम धरून बटणावर.

"आजोबा, काय करताय?"

"उत्तरं देतोय."

"कुणाला?"

"याला." फोनकडे हनुवटी. "बसल्या बसल्या विचारत असतो बिचारा. या दुकानात गाडी लावायला जागा आहे का, त्या दुकानात पायऱ्या आहेत का. सकाळी फिरायला जातो तिथलंही विचारतो. कुणीतरी सांगायला नको?"

सांगायला हवं. बाबा तसेच आहेत. कात्री संपली असेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे, "ही संपली, नवी घ्या," आणि काम परत पाठवायचे. आईने एकदा विचारलं होतं, "मी जाड दिसते का?" त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता.

भाचीने त्यांच्या हातून फोन घेतला. वर-खाली केलं. खाली बसली, चुऱ्याची पर्वा न करता.

"तीन हजार आठशे उत्तरं," ती म्हणाली. "मामी, या अख्ख्या भागात नकाशाला आजोबांइतका खात्रीचा माणूस दुसरा नाही. यांचं एक उत्तर दहा जणांना भारी आहे."

बाबांना ते आवडलं. "चुकीचं एकही नाही," ते म्हणाले.

तिने फोन माझ्यासमोर धरला. सर्वांत वरचा प्रश्न, दोन मिनिटांपूर्वीचा, आमच्या दुकानाच्या नावाखाली:

हे दुकान अजून चालू आहे का?

खाली तीन बटणं. हो. नाही. माहीत नाही.

"बाबा, तुम्ही नाही दाबलंत?"

"मग काय दाबू? शटर खाली आहे. मी शटरच्या आत बसलोय. चालू आहे म्हणू?"

"पण नाही म्हटलं की ते कायमचं बंद दाखवतं."

"कायमचं मी कधी म्हटलं? मी फक्त नाही म्हटलं."

"रोज?"

"तो रोज विचारतो."

भाचीने कपाळाला हात लावला. मग लॅपटॉप आणला आणि वेळेच्या रकान्यात जे आम्ही कुणीच लिहिलं नव्हतं ते लिहिलं: दुपारी एक ते तीन बंद. आम्हाला ते लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं. पन्नास वर्षं गल्लीला पाठ होतं. "हे दुरुस्त होईल," ती म्हणाली. "आजोबा, आता त्याने विचारलं तर हो दाबा. मी सुट्टी लिहिलीय, म्हणजे ते खोटं होत नाही."

बाबांनी विचार केला. "मग खोटं नाही," ते म्हणाले.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं ती म्हणणार होती. अर्धं म्हणाली आणि माझा चेहरा बघून थांबली.

"मामी? झालं की आता. काय झालं?"

मी तिला चार फोनांचं सांगितलं.

*

आता उलट दिशेने. धाकट्याचं दुकान. बदल सुचवा. चालू आहे. पाठवा. माझा फोन: पडताळणी सुरू आहे. जावेचा फोन: पडताळणी सुरू आहे. जाऊ फोनवर म्हणाली, "नक्की काय करायचंय ते एकदा ठरव ना."

"बंद पटकन होतं," भाची म्हणाली. "दुसऱ्याचं दुकान उघडायला वेळ लागतो. त्यात कालपर्यंत ज्यांनी बंद सांगितलं तेच आज चालू सांगतायत. मी असते तरी विश्वास ठेवला नसता."

"उद्या पंचवीस आहे."

"म्हणजे आपलं तर दिसेल. ते तुझ्याच फायद्याचं आहे." ती हे विचारून बघत होती, सुचवत नव्हती. आवाजावरून कळलं.

मी बाबांकडे पाहिलं. भाचीनेही पाहिलं. आम्हा दोघींच्या डोक्यात एकच आलं होतं.

"बाबा, धाकट्याचं दुकान चालू आहे, एवढं तुम्ही सांगा त्याला."

"बंद झालंय असं कोण म्हणतं?"

"मी."

"तू पाहिलंस बंद झालेलं?"

"नाही. चालू असलेलं पाहिलं."

बाबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. कात्री उजेडात धरून पात्यांमधली फट बघायचे तसे.

"पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही," शेवटी म्हणाले. "चप्पल दे."

*

तीन गल्ल्या. बाबांच्या चालीने वीस मिनिटं. वाटेत फोन दोनदा वाजला, दोन्हीदा त्यांनी थांबून उत्तर दिलं. औषधाच्या दुकानात उतार आहे. बेकरीत बसायला जागा नाही.

धाकट्याचं शटर पूर्ण खाली होतं. दोन वाजून दहा मिनिटं.

"बंद आहे," बाबा म्हणाले आणि फोन बाहेर काढला.

मी त्यांचं मनगट धरलं. "बाबा, जेवणाची वेळ आहे. तीनला उघडेल."

"मग तीनला बघू."

पायरीवर बसलो. समोरचा पुस्तकबांधणीवाला पुठ्ठे कापता कापता आमच्याकडे बघत होता, आणि मला ओळखल्यासारखा बघत होता. मागच्या आठवड्यात याच्याच दाराआड मी उभी होते. आता त्याच्या डोळ्यांत तेच होतं जे तेव्हा माझ्या डोळ्यांत असणार. पाऊण तास. बाबांना डुलकी लागली. फोन त्यांच्या मुठीत होता. एकदा मला वाटलं काढून घ्यावा, हो दाबावं, परत मुठीत ठेवावा. त्यांना कळलंही नसतं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

तीनला पाच कमी असताना धाकटा कोपऱ्यावरून वळला. आम्हाला पाहून त्याची चाल मंदावली.

"काका?" मग माझ्याकडे, जरा थांबून, "ताई."

"आज बादलीवर बसून जेवला नाहीस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "घरी गेलो होतो. इथे बसून काय करू, तीन दिवस माणूस फिरकला नाही." कुलूप काढलं, शटर वर ढकललं. आत सगळं आमच्यासारखंच होतं. एप्रन खिळ्याला, खिळा दाराच्या डावीकडे, फळीवर कात्र्या मुठी एका बाजूला करून. बाबा उठले, उंबऱ्यात उभे राहिले, आत पाहिलं, चाक पाहिलं.

"सुरू कर," ते म्हणाले.

धाकट्याने बटण दाबलं. चाक फिरलं. बाबांनी फोन मांडीवर नाही, या वेळी दाराच्या चौकटीवर टेकवला, आणि थरथरत्या बोटाने नेम धरून दाबलं.

"हो," ते म्हणाले.

धाकट्याला काही कळलं नाही. "तुमच्याकडेही कुणी येत नाही का, ताई? संस्थेच्या नव्या साहेबांचा सकाळी फोन आला होता. म्हणाले, दोन्ही दुकानं बंद दिसली म्हणून चाळीस कात्र्या तिसरीकडे पाठवल्या. काल."

काल. पंचवीसची वाटही पाहिली नाही.

चाक फिरत होतं. धाकट्याने ते बंद केलं.

"असं कोण करत असेल हो, काका? माझं कोण वाकडं बघतंय?"

बाबांना त्याने प्रश्न विचारायला नको होता.

"तुझं हिने केलं," बाबा म्हणाले. "आमचं मी केलं."

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. मी मान वर ठेवली. दीड वर्षापूर्वी ठेवली नव्हती, ती.

"किती फोनवरून?" त्याने विचारलं.

"चार."

तो उलट्या बादलीवर बसला. "मला वाटलं सलूनवालीने केलं," तो म्हणाला. "तिचा नि माझा जरा खटका उडाला होता. म्हणून सकाळी तिच्या सगळ्या कात्र्या तशाच परत पाठवल्या. म्हटलं, आता तोंड दाखवू नकोस."

मग बाबा आत आले, फळीवरची एक कात्री उचलली, उघडमीट केली, कानाशी नेली आणि स्क्रू अंगठ्याने चाचपून पाहिला.

"चल," मी धाकट्याला म्हटलं. "तिच्याकडे दोघं जाऊ."

वाटेत कळलं, आमचं दुकान नकाशावर पहिल्यांदा टाकलं ते धाकट्याने, आमच्याकडे कामाला असताना, सात वर्षांपूर्वी, स्वतःच्या फोनवरून, दुपारी एक ते तीनच्या मध्ये.